चाचणीबाहेरचे रुग्ण

१९९७ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब या औषधाची आतड्याच्या क्रोन्स आजारावरची चाचणी प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यात १०८ रुग्ण होते. वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम औषध सलाइनवाटे एकदाच दिले आणि चार आठवड्यांत शंभरातल्या ८१ जणांना उतार पडला. औषधाविना सलाइन मिळालेल्यांत हा आकडा १७ होता. ज्या आजारात स्टिरॉइड, प्रतिकारशक्ती दाबणारे अझाथायोप्रिन आणि शेवटी शस्त्रक्रिया हेच मुख्य मार्ग होते, त्यात ही मोठी झेप होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली आणि लवकरच ते संधिवातालाही दिले जाऊ लागले. मग २००१ मध्ये एक अहवाल आला. हे औषध घेतलेल्या ७० जणांना क्षयरोग झाला होता, बहुतेकांना पहिल्या तीन डोसांच्या आतच. त्यांपैकी ६४ रुग्ण क्षयरोग विरळा असलेल्या देशांतले होते. ही माहिती डॉक्टरांनी औषध-नियंत्रकांकडे आपणहून कळवलेल्या दुष्परिणामांतून गोळा झाली होती. त्यानंतर हे औषध सुरू करण्याआधी शरीरात दबलेला क्षय शोधणे हा जगभर नियम झाला.

चाचणीत काही चुकले होते असे नाही. हजारात एकाला होणारा दुष्परिणाम निदान एकदा तरी दिसेल याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर सुमारे ३,००० माणसे पाहावी लागतात, हे साधे गणित आहे. १०८ माणसांच्या चाचणीला ‘औषधाने गुण येतो का’ एवढेच विचारता येते. ते औषध दहा वर्षे घेतले तर काय होईल, गरोदरपणात घ्यावे का, सत्तरीच्या मधुमेही माणसाला चालेल का, हे प्रश्न चाचणीच्या बाहेर उरतात, आणि रुग्ण डॉक्टरांना विचारतात ते नेमके हेच प्रश्न. त्यांची उत्तरे शोधण्याचे शास्त्र हा या पुस्तकाचा विषय आहे. रोजच्या उपचारांतून जमणाऱ्या नोंदी, म्हणजे केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, विम्याचे दावे, प्रयोगशाळेचे अहवाल आणि खास या कामासाठी ठेवलेल्या रुग्णनोंदवह्या अर्थात रजिस्ट्री, ही त्या शास्त्राची सामग्री.

आधी आजाराविषयी. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या दोन्ही आजारांना मिळून आयबीडी, म्हणजे आतड्यांचा दीर्घकालीन दाह, म्हणतात. कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला व्रण पडतात. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर शिरतो. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी १४ रुग्णांच्या आधारे त्याचे वर्णन केले. हे आजार बहुधा तरुणपणी सुरू होतात, जन्मभर साथ करतात, काही महिने शांत राहतात आणि पुन्हा उसळतात. आपल्याकडे शौचावाटे रक्त पडले की घरचे लोक मूळव्याध समजतात आणि निदानाला उशीर होतो. चाळीस-पन्नास वर्षे चालणाऱ्या आजाराचा स्वभाव वर्षभराच्या चाचणीत पुरता उमगणे शक्य नाही. म्हणूनच रुग्णनोंदवह्यांचे मोल या आजारांत विशेष आहे.

एकाच आजाराच्या रुग्णांची देशव्यापी नोंद ठेवण्याची कल्पना जुनी आहे. नॉर्वेने १८५६ मध्ये कुष्ठरोग्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. कुष्ठरोग संसर्गाने पसरतो हे मांडताना गेरहार्ड हॅन्सन यांना या नोंदींचा आधार मिळाला. महाराष्ट्रालाही या कामाची स्वतःची परंपरा आहे. लोकसंख्येवर आधारलेली भारतातली पहिली कर्करोग नोंदवही १९६३ मध्ये डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत सुरू झाली आणि देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. बार्शीचा धडा या पुस्तकाच्या वाचकाने मनाशी धरावा. खेड्यातला रुग्ण रुग्णालयाच्या दप्तरात आपोआप येत नाही. त्यासाठी गावोगाव जाऊन लोकांशी बोलावे लागते.

आयबीडीच्या अभ्यासात या कल्पनेला निरनिराळी वळणे मिळाली. त्यातून ढोबळमानाने पाच परंपरा तयार झाल्या.

पहिली परंपरा एका भूभागातला एकही रुग्ण न सोडता वर्षानुवर्षे त्यांच्या मागे राहण्याची. कोपनहेगन परिसरात १९६२ ते १९८७ या काळात निदान झालेल्या १,१६१ कोलायटिस रुग्णांच्या अभ्यासाने आजाराचे खरे चित्र समोर आणले. कोणतेही वर्ष घेतले तरी सुमारे निम्मे रुग्ण शांत अवस्थेत होते. निदानानंतर दहा वर्षांत जवळपास चौघांतल्या एकाचे मोठे आतडे काढावे लागले होते. उत्तर फ्रान्समधली १९८८ पासूनची एपिमॅड नोंदवही आणि नॉर्वेचा १९९० मध्ये सुरू झालेला इब्सेन अभ्यास याच वाटेने गेले.

दुसरी परंपरा जोडणीची. स्वीडनने १९४७ मध्ये आणि डेन्मार्कने १९६८ मध्ये प्रत्येक नागरिकाला आयुष्यभर टिकणारा क्रमांक दिला. त्यामुळे रुग्णालयातले निदान, औषधाच्या दुकानातली खरेदी, कर्करोगाची नोंद आणि मृत्यूची नोंद एकमेकांना जोडता आल्या. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात चार्ल्स बर्नस्टीन यांनी सरकारी आरोग्य विम्याच्या दप्तरातून रुग्ण शोधण्याची रीत बसवली. एकदाच ‘क्रोन्स’ असे लिहिलेला माणूस त्यांनी रुग्ण धरला नाही. दोन वर्षांहून अधिक काळ प्रांतात राहिलेल्या माणसाच्या नावावर या आजाराच्या किमान पाच भेटी असाव्या लागत. नियम किरकोळ वाटेल, पण या शास्त्राचा कणा तोच आहे. दप्तरातला शब्द आणि रुग्णाच्या शरीरातला आजार एकच आहेत का, हे दर वेळी पडताळून पाहावे लागते.

तिसरी परंपरा औषधांच्या सुरक्षिततेची. तिने दिलेली उत्तरे डॉक्टरांच्या रोजच्या निर्णयात उतरली आहेत. १९९९ पासून उत्तर अमेरिकेत चाललेल्या ट्रीट नोंदवहीत क्रोन्सचे ६,२७३ रुग्ण होते. नवे इन्फ्लिक्सिमॅब मृत्यू वाढवील अशी भीती होती. प्रत्यक्षात मृत्यूशी नाते दिसले ते जुन्या, स्वस्त, सवयीच्या स्टिरॉइडचे. फ्रान्सच्या सेझाम अभ्यासात १९,४८६ रुग्ण होते. अझाथायोप्रिनच्या गटातली औषधे घेणाऱ्यांत लिम्फोमा या कर्करोगाचा धोका, वयासारखे फरक जमेस धरल्यावर, सुमारे पाचपट आढळला. हे ऐकून रुग्ण घाबरणारच. पण त्याच अभ्यासातले मूळ आकडे पाहिले तर औषध चालू असलेल्यांत हजार रुग्ण-वर्षांमागे ०.९ आणि ते कधीच न घेतलेल्यांत ०.२६ असे प्रमाण होते. ‘पाचपट’ आणि ‘वर्षाला हजारात एकाहून कमी’ ही दोन्ही विधाने खरी आहेत. रुग्णाला दोन्ही सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. अमेरिकेतल्या पियानो नोंदवहीने २००७ पासून सुमारे दीड हजार गर्भारपणांचा मागोवा घेतला आणि इन्फ्लिक्सिमॅबसारख्या जैविक औषधांमुळे बाळाला जास्त धोका होत नाही असा दिलासा दिला. गरोदर स्त्रियांना चाचण्यांतून बहुधा वगळले जात असल्याने हे उत्तर दुसरीकडून मिळणे कठीण होते.

चौथी परंपरा उपचारांचा दर्जा सुधारण्याची. २००५ ची स्वीडनची स्विब्रेग नोंदवही आणि अमेरिकेतल्या बालरोग केंद्रांचे इम्प्रूव्ह-केअर-नाउ हे जाळे यांत नोंद आणि उपचार हातात हात घालून चालतात. प्रत्येक केंद्राला आपल्या रुग्णांची स्थिती इतर केंद्रांशी ताडून पाहता येते. पाचवी परंपरा रुग्णांच्या स्वतःच्या सहभागाची. थकवा, झोप, नोकरीतली गैरहजेरी, शौचालय जवळ असेल की नाही याची सततची धास्ती, हे कोणत्याही केसपेपरवर नीट उतरत नाही. ते रुग्णानेच लिहायचे असते.

या सगळ्या परंपरांचा कस २०२० च्या मार्चमध्ये लागला. कोविडची साथ पसरली तेव्हा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे लक्षावधी रुग्ण धास्तावले आणि अनेकांनी औषधे बंद करण्याचा विचार केला. चाचणी आखायला वेळ नव्हता. सिक्युअर-आयबीडी ही आंतरराष्ट्रीय नोंदवही त्याच महिन्यात उघडली. डॉक्टरांनी ओळख पटणार नाही अशी माहिती भरली आणि काही महिन्यांत ३३ देशांतल्या पहिल्या ५२५ रुग्णांचे विश्लेषण हाती आले. इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधांचा गंभीर कोविडशी संबंध दिसला नाही. स्टिरॉइडचा मात्र ठळक दिसला.

इथे सावध वाचक हात वर करील आणि त्याने तो करावाच. स्टिरॉइड कोणाला देतात? ज्याचा आजार उसळला आहे त्याला. मग वाईट परिणाम औषधाचा की उसळलेल्या आजाराचा? उपचाराचे कारणच परिणामाचे कारण असू शकते, आणि नोंदींवरच्या संशोधनाला पडलेला हा सगळ्यात जुना पेच आहे. चाचणीत चिठ्ठी टाकून गट पाडतात, म्हणून दोन्ही गट सारखे राहतात. नोंदवहीत गट डॉक्टरांच्या निर्णयाने पडतात आणि तो निर्णय रुग्णाची प्रकृती, त्याचा खिसा आणि डॉक्टरांचा अनुभव पाहून होतो. हा पेच सोडवायला संशोधकांनी साधने घडवली. रोझेनबाउम आणि रुबिन यांनी १९८३ मध्ये प्रत्येक रुग्णाला विशिष्ट उपचार मिळण्याची शक्यता आकड्यात मांडून सारख्यांची सारख्यांशी तुलना करण्याची रीत दिली. पण तीही फक्त नोंदलेल्या गोष्टींपुरतीच चालते. डॉक्टरांच्या मनात असलेले आणि कागदावर न आलेले कारण कोणतेही गणित भरून काढू शकत नाही.

दुसरा सापळा काळाचा. ‘तीन वर्षे जैविक औषध घेतलेले’ आणि ‘न घेतलेले’ असे गट पाडले, तर पहिल्या गटातला प्रत्येक जण निदान तीन वर्षे जगलेला असतोच. औषधाच्या नावावर न कमावलेले आयुष्य जमा होते. तिसरा सापळा कोणाची नोंद झाली याचा. आतड्याच्या कर्करोगाचे उदाहरण घ्या. २००१ मध्ये ११६ अभ्यास एकत्र करून असे सांगितले गेले की कोलायटिस असलेल्यांत तीस वर्षांनी कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांवर जातो. त्यांतले कितीतरी अभ्यास मोठ्या रुग्णालयांतले होते आणि तिथे मुळात गंभीर रुग्णच पोहोचतात. २०१२ मध्ये डेन्मार्कने देशभरातल्या ४७,३७४ आयबीडी रुग्णांची तीस वर्षांची नोंद तपासली. तेव्हा एकूण कोलायटिस रुग्णांत हा धोका सर्वसाधारण लोकांइतकाच दिसला. लहान वयात आजार जडलेल्यांसारखे काही गट मात्र अजूनही जोखमीचे होते. उपचार आणि दुर्बिणीच्या तपासण्या सुधारल्या होत्या, हे खरे. तरी आकड्यातल्या फरकाचा काही भाग कोणाला मोजले यातून आला असावा.

या मर्यादांमुळे वैद्यकीय संशोधनात दोन पक्ष पडले. एका पक्षाला चिठ्ठी टाकून केलेल्या चाचणीखेरीज कोणताच पुरावा भरवशाचा वाटत नाही, आणि त्यामागे कडवट अनुभव आहे. रजोनिवृत्तीनंतरचे संप्रेरक उपचार हृदयाचे रक्षण करतात असे निरीक्षणांवरून वाटत होते. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने ते खोडून काढले. दुसरा पक्ष विचारतो की चाचणीत घेतलेले रुग्ण आपले रुग्ण आहेत का? अमेरिकेतल्या एका मोठ्या केंद्राने मध्यम ते तीव्र आयबीडी असलेले आपले रुग्ण चाचण्यांच्या निकषांना लावून पाहिले, तेव्हा जेमतेम एक-तृतीयांश रुग्ण त्यांत बसले. मिगेल हर्नान आणि जेम्स रॉबिन्स यांनी २०१६ मध्ये दोन्ही पक्षांना एकत्र आणणारी मांडणी केली. त्यांचे सांगणे असे की आधी शक्य असती तर केली असती अशी चाचणी कागदावर पूर्ण आखा. कोण पात्र, उपचार कोणते, मोजणी कुठल्या दिवसापासून, परिणाम काय, हे सारे ठरवा आणि मगच नोंदींना हात घाला. संप्रेरकांच्या जुन्या नोंदी या शिस्तीने पुन्हा तपासल्यावर त्यांचे उत्तर चाचणीच्या पुष्कळ जवळ आले. दोष नोंदींइतकाच प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत होता.

हे सारे आज मराठीत का सांगायचे? पहिले कारण, आजार आपल्याकडे वाढतो आहे. कॅनडाचे गिलाद कॅप्लन आयबीडीच्या जागतिक प्रवासाचे टप्पे सांगतात: आधी तुरळक रुग्ण, मग नव्या रुग्णांत झपाट्याने वाढ, मग जुन्या रुग्णांची संख्या साचत जाणे आणि शेवटी समतोल. भारतासारख्या देशांत नव्या रुग्णांचा वेग वाढतो आहे. लुधियानाच्या डॉ. अजित सूद आणि सहकाऱ्यांनी पंजाबात ५१,९१० लोकांची पाहणी केली आणि लाखामागे ४४.३ लोकांना कोलायटिस असल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध केले. पाश्चात्त्यांचा मानलेला आजार आपल्या दारात कधीच आला होता.

दुसरे कारण, आपले प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरे कोपनहेगनच्या नोंदींत सापडणार नाहीत. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांतला फरक दुर्बिणीतून आणि तुकड्याच्या तपासणीतूनही अनेकदा ठरत नाही. मग आधी टीबीच्या गोळ्या देऊन पाहिल्या जातात आणि कित्येक क्रोन्स रुग्णांचे महत्त्वाचे महिने त्यात जातात. पश्चिमी नोंदवहीत या महिन्यांसाठी रकानाच नसतो. जैविक औषधे महाग असल्याने आपल्याकडे स्टिरॉइड लांबत जाते, कधी रुग्ण ते दुकानातून स्वतःच आणून चालू ठेवतो. ट्रीट आणि सिक्युअर-आयबीडी यांचा इशारा म्हणूनच आपल्याला सर्वाधिक लागू आहे, आणि त्या इशाऱ्यात औषधाचा वाटा किती, आजाराचा किती हे आपल्या रुग्णांत तपासण्याची गरजही आपल्यालाच सर्वाधिक आहे.

तिसरे कारण, दप्तरे आता संगणकात जात आहेत. अमेरिकेने २०१६ च्या कायद्याने औषधमान्यतेत रोजच्या उपचारांतल्या माहितीला जागा दिली, युरोपने २०२२ मध्ये अशाच माहितीसाठी डार्विन-ईयू हे जाळे उभारायला घेतले. आपल्याकडे आरोग्यनोंदी जोडणारे आभा क्रमांक आले आहेत आणि शासकीय योजनांचे दावे साठत आहेत. परंतु या योजना मुख्यतः दाखल रुग्णांच्या उपचारांसाठी आहेत. आयबीडीचा रुग्ण आयुष्याचा बहुतांश काळ ओपीडीत आणि औषधाच्या दुकानात घालवतो. फक्त दाव्यांवर विसंबलो तर शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेलेच दिसतील, आणि मोठ्या रुग्णालयांच्या जुन्या अभ्यासांतली चूक आपण मोठ्या प्रमाणावर पुन्हा करू. शिवाय २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर रुग्णाच्या संमतीचा प्रश्न कोणत्याही नोंदवहीला टाळता येणार नाही. शौचाशी निगडित आजार अजूनही लाजेचा विषय आहे. लग्न ठरायच्या वयातल्या मुलीची माहिती फुटली तर तिचे काय होईल, याचे उत्तर तयार नसेल तर तिची नोंद मागण्याचा अधिकार आपल्याला नाही.

या पुस्तकाचा प्रयत्न या पार्श्वभूमीवर पाहावा. ते आयबीडीच्या उपचारांचे पाठ्यपुस्तक नाही आणि संख्याशास्त्राचेही नाही. नोंदींवर आधारलेला एखादा दावा समोर आला की त्याला कोणते प्रश्न विचारायचे, हे वाचकाच्या हाती देणे हा त्याचा हेतू आहे. कोण मोजले गेले, कोण सुटले? मोजणी कोणत्या दिवशी सुरू झाली? उपचार का निवडला गेला, आणि ते कारण लिहिले आहे का? सापेक्ष धोक्यामागे मूळ धोका किती? पुस्तकातले लेखन खऱ्या अभ्यासांना धरून चालते आणि जिथे अभ्यास एकमेकांना छेद देतात तिथे मुद्दाम थांबते, कारण पद्धत शिकण्याची खरी जागा तीच आहे. गणित जिथे टाळता येत नाही तिथेच आले आहे आणि तेही रुग्णांच्या उदाहरणांतून. तालुक्याच्या गावी बसणारे डॉक्टर, पदव्युत्तर विद्यार्थी, आकड्यांत रस असलेले संख्याशास्त्राचे अभ्यासक आणि स्वतःच्या आजाराबद्दल जाणून घेऊ पाहणारे रुग्ण, असा संमिश्र वाचक लेखकांनी डोळ्यांपुढे ठेवला आहे.

वाचून झाल्यावर कोणाला काम सुरू करावेसे वाटले, तर मोठ्या यंत्रणेची वाट पाहू नये. तक्रार सुरू झाल्याची तारीख आणि निदानाची तारीख, टीबीच्या गोळ्या दिल्या का आणि किती दिवस, स्टिरॉइड कधी सुरू झाले, कधी थांबले आणि का दिले, तंबाखू, शस्त्रक्रिया, गर्भारपण. एवढे रकाने प्रत्येक रुग्णाबाबत, संमती घेऊन, न चुकता भरले तर साध्या वहीतूनही शास्त्र उभे राहते. शेवटचा रकाना सर्वांत अवघड आहे: रुग्ण यायचा थांबला असेल तर कशामुळे? बरे वाटले, पैसे संपले, दुसरीकडे गेला की दगावला? हा रकाना भरायला फोन करावा लागतो, पत्ता शोधावा लागतो, कधी गावापर्यंत जावे लागते. तो रिकामा ठेवला तर वहीत फक्त टिकून राहिलेलेच उरतात आणि आपले उपचार आहेत त्याहून चांगले दिसू लागतात. म्हणून माझी वाचकांना एकच विनंती आहे: नोंदींवरचा कुठलाही अभ्यास हाती आला, परका असो वा आपला, तर आधी हा रकाना उघडून पाहा.